चार नंबरची लाइन

आमच्या घरात छापलेल्या कागदाचा दरारा होता. वडील वडूजच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक होते. दिवसभर ज्या हातांना ऑइल लागायचं, त्याच हातांनी ते संध्याकाळी पत्रकं लिहायचे. वस्तीच्या नळाला पाणी का येत नाही, वसतिगृहाचं धान्य कुठं जातं, स्मशानाची जागा कुणी नांगरली, असे त्यांचे विषय. मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. वडिलांचा नियम एकच होता: "डोळ्यांनी बघितल्याबिगर छापायचं न्हाई." एकदा एका विहिरीची तक्रार आली, तर ते सायकल मारत तिथवर गेले, विहीर बघितली, तक्रार खोटी निघाली आणि लिहून तयार झालेलं पत्रक त्यांनी चुलीत घातलं. आई म्हणाली, "बरं झालं, चहा तरी झाला त्याच्यावर."

पत्रकं वाटायचं काम माझं. स्टँडवर उभी राहून मी ती लोकांच्या हातात कोंबायची. बरेच जण त्यात शेंगदाणे बांधून न्यायचे. एक माणूस मात्र कागदाची चौघडी करून छातीच्या खिशात ठेवायचा. तो फौजेत सिग्नलला हवालदार होता, सुट्टीवर यायचा. घरची बागाईत फलटणकडं, बिऱ्हाड वडूजला. दुसऱ्या दिवशी तो हमखास परत यायचा. "ए पोरी, तुज्या बाला सांग, पयला मुद्दा पटला, दुसरा न्हाई." मग वडील आणि तो स्टँडच्या कँटीनमध्ये तासभर भांडायचे आणि चहा प्यायचे. चहा कधी एकाच्या नावावर, कधी दुसऱ्याच्या. आमच्या वस्तीतल्या माणसाबरोबर असा बसणारा त्याच्या भावकीतला तो एकटाच होता.

नव्वदीच्या अखेरीस मला सांगलीत विश्रामबागेत एका दूध संघाच्या मुख्य कार्यालयात नोकरी लागली. संघानं तेव्हा नुकत्याच सातारा, फलटण आणि वडूज इथल्या शीतकरण केंद्रांना टेलिफोनच्या कायमच्या लाइन जोडल्या होत्या. रोजचं किती दूध आलं, फॅट किती, ही माहिती त्यांवरून थेट आमच्या संगणकावर यायची. या सगळ्या लाइन एका पेटीत येऊन मिळायच्या. तिला राउटर म्हणायचे. वडूजच्या केंद्रावर यंत्र सांभाळायला जो ऑपरेटर होता, तो म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला तोच हवालदार. पहिल्याच फोनला त्यानं मला ओळखलं. "व्हय म्याडम, बोला! का अजून पत्रकंच वाटताय?"

साहेबांनी मला काम दिलं ते लाइनींवर नजर ठेवण्याचं. कुठली लाइन कधी जिवंत, कधी बंद, याचा आलेख संगणकानं आपोआप काढायचा. राउटरला विचारलं की तो सांगतो, पण विचारायचं कसं? त्याच्याकडच्या प्रत्येक गोष्टीला एक लांबलचक ओळखक्रमांक असतो. एक, तीन, सहा, एक, दोन, एक... असे आकडे आणि मध्ये टिंबं. झाडाच्या बुंध्यापासून निघून एकेक फांदी निवडत शेवटच्या पानापर्यंत जावं, तसं. एखादी फांदी चुकली तरी पान मिळतंच. फक्त ते दुसऱ्याच कशाचं तरी असतं, आणि राउटर तितक्याच गंभीरपणे उत्तर देतो.

पहिला महिना माझा असाच गेला. मी एक क्रमांक शोधून काढला, आलेख लावला, रेघ सुंदर चढत गेली. साहेब म्हणाले, "वा, प्रगती आहे." माझ्यासोबत मिरजेचा एक तंत्रज्ञ होता, मी त्याला दादा म्हणायची. त्यानं आठवडाभर ती रेघ बघितली आणि म्हणाला, "बाई, ही लय गुणाची रेघ हाय. लाइन तोडली तरी चढती." यंत्र चालू झाल्यापासून किती वेळ गेला, हे मी मोजत होते. दादानं ते सगळ्या कार्यालयाला सांगितलं. पुढं कितीतरी दिवस कुणी घड्याळ बघितलं की मला विचारायचं, "काय, प्रगती हाय का?"

शेवटी झेरॉक्स काढून आणलेल्या जाड पुस्तकातून मी खरा क्रमांक शोधला. त्याच्या शेवटी आठ, आणि त्यापुढं त्या लाइनीचा नंबर. एक म्हणजे कार्यालयातली जोडणी, दोन सातारा, तीन फलटण, चार वडूज. आणखी एक नवं केंद्र जोडायचं होतं, त्याची लाइन अजून आली नव्हती. उत्तर एक आलं तर लाइन जिवंत, दोन आलं तर बंद. मी आलेखाखाली गावांची नावं टाकली. मला फार आनंद झाला होता. गाऱ्हाणं नाही, शिफारस नाही, कुणाची जात नाही, कुणाचं आडनाव नाही. जे आहे ते कागदावर. मला वाटलं, वडिलांना हयातभर जे हवं होतं, ते मला एका पेटीतून मिळालं.

दसऱ्याला मी रजा घेतली. आमच्या घरी तो धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. वडिलांचं वय झालं होतं, पत्रकं वाटायला माणूस हवं होतं. खंडेनवमीलाच मी निघाले. खरं सांगायचं तर कार्यालयातली यंत्रांची पूजाही मला टाळायची होती.

परत आले आणि आठवड्याभरात दिसायला लागलं: वडूजची लाइन रोज दुपारी मरते. सकाळी दहाच्या सुमाराला बंद, चारला पुन्हा जिवंत. रोज. एकही दिवस चुकत नाही. दुपारी दूध येत नसलं तरी लाइन चालू ठेवायची, असा साहेबांचा आदेश होता. दिवाळी तोंडावर आली होती, कुठल्याही क्षणी जादा मागणी पाठवावी लागायची.

मी हवालदारांना फोन केला. "काका, दुपारी यंत्र बंद करता का?"

"न्हाई बा. का?"

"आलेखात दिसतंय."

"दिसूं दे. म्या हितंच असतो."

मी ऐकलं, पण मला ते पटलं नाही. इथं माझ्या डोक्यात तत्त्व घुसलं. हा माणूस ओळखीचा, लहानपणापासून माझ्याशी मायेनं बोलणारा, म्हणून मी गप्प बसायचं? मग ओळखीपाळखीनं झाकपाक करणाऱ्यांत आणि माझ्यात फरक काय? मी त्या आलेखाचा कागद स्वतः साहेबांकडं नेला. साहेबांनी तो कार्यालयातल्या फलकावर लावायला सांगितला, बाकीच्या केंद्रांनाही पाठवला. हवालदार यंत्र बंद करून शेताकडं जातो, हे मग सगळ्यांनी आपणच ठरवून टाकलं. साहेब म्हणाले, "दिवाळीनंतर तिथं नवा माणूस बघू."

त्या संध्याकाळी हवालदारांचा फोन आला. नेहमीची थट्टा नव्हती. "म्याडम"ही नव्हतं.

"पोरी, नोकरीचं जाऊं दे. घरी भाकरी हाय. पर बावीस वर्सं फौजेत वायरलेसवर बसलो, एकदाबी जागा सोडली न्हाई. आता गावात त्योच कागद फिरतोय. तू लिवलंयस म्हंत्यात."

मी काहीतरी पुटपुटले. आकडे, यंत्र, वगैरे.

"तू येऊन बगितलंस का?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, खरंच माहीत नसल्यासारखं. मग फोन ठेवला.

रविवारी सकाळी मी विटा-मायणीकडून जाणारी वडूजची गाडी धरली. घरी न जाता थेट केंद्रावर गेले. दूध मोजून झालं होतं, फरशी धुतलेली, कॅन उपडे घातलेले. कोपऱ्यातल्या टेबलावर मोडेम होता. त्याच्या कपाळावर खंडेनवमीचं हळदकुंकू अजून होतं आणि झेंडूचं एक वाळलेलं फूल. हवालदार खुर्चीत ताठ बसले होते. मला बघून उठले, खुर्ची फडक्यानं पुसली.

"बसा. आज निरीक्षक आल्यात."

"काका, असं नका बोलू."

"मग च्या घे," ते म्हणाले, आणि थर्मासमधला अर्धा चहा माझ्या पुढ्यात ओतला.

आम्ही बसलो. दहा वाजले, साडेदहा झाले. मोडेमचे हिरवे दिवे लुकलुकत राहिले. मी सांगलीला फोन लावला. दादाला मी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम बसवून ठेवलं होतं.

"दादा, वडूज बघ."

"बंद हाय की. नेहमीसारखी, दहाला गेली."

माझ्यासमोर दिवे चालू होते. मी केंद्राच्या संगणकावरून दादाला दोन ओळींचा निरोप पाठवला.

"आयला," दादा म्हणाला. "मेलेल्या लाइनीवरनं पत्र आलं की गं तुजं!"

मग मला ती माझी गुणाची रेघ आठवली. "दादा, आपला तो पहिला, येडा क्रमांक लाव. यंत्र चालू होऊन किती दिवस झाले?"

बटणं दाबल्याचा आवाज आला. "सतरा."

मी आकडा मोठ्यानं म्हटला, तसं हवालदारांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मागं मोजलं. बोट खंडेनवमीवर थांबलं.

"दादा, त्या दिवशी राउटर बंद केला होता?"

"मग? पूजा चालू यंत्राची करायची व्हय? बंद केला, पुसला, हार घातला. आन् बंदच हाय म्हटल्यावर साहेबांनी त्या नव्या केंद्राचं कार्ड बसवून घेतलं. पेटीतली मधली खाच मोकळी होती. तू गावाला गेली हुतीस न्हवं?"

सगळं तिथंच उलगडलं. वडूजच्या आधीच्या, मधल्या खाचेत नवं कार्ड बसलं, यंत्र जागं झालं आणि त्यानं आपल्या लाइनी पहिल्यापासून मोजल्या. चार नंबर नव्या केंद्राला गेला. तिथं दूध सकाळ-संध्याकाळच यायचं आणि दुपारी ते लोक मुख्य बटण बंद करून घरी जायचे. दिवसभराचा आदेश त्यांना अजून लागूच नव्हता. वडूज पाचवर सरकलं होतं. मी रोज चारला विचारत होते आणि खाली वडूज लिहीत होते. सतरा दिवस वडूजकडं कुणी बघितलंच नव्हतं.

हवालदारांनी ड्रॉवरमधून एक रजिस्टर काढलं. कुणी सांगितलं नसताना ते दर तासाला नोंद करत होते. वेळ, दिवा हिरवा, सही. दुपारच्या एकेका तासाचीसुद्धा. "फौजेची खोड," ते म्हणाले.

"हे साहेबांना का नाही दाखवलं?"

"मागितलं कुनी?"

मला रडू आलं. ते थोडे गडबडले. मग त्यांनी रजिस्टर माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाले, "रडू नगं. आदी जेवून घे. भाकरी हाय, खरडा हाय." आम्ही एकाच डब्यात जेवलो.

जाताना दहा मिनिटं घरी डोकावले. वडिलांना सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "खोटं जिथंजिथं गेलं, तिथंतिथं खरं जाणार का?"

सोमवारी साहेबांसमोर मी रजिस्टर ठेवलं. साहेब मोठ्या मनाचे होते. म्हणाले, "अहो, झालं ते झालं. राहू दे त्यांना. मी फोन करून सांगतो."

"फोन पुरणार नाही, साहेब. कागद फलकावर लागला होता."

"म्हणजे?"

"म्हणजे कागदच लागेल."

मी तो हातानं लिहिला. वडिलांच्या पत्रकासारखाच, वर ठळक मथळा: 'वडूज केंद्राची लाइन एकदाही बंद नव्हती.' खाली चूक कशी झाली ते. नंबर न तपासता नाव मी टाकलं, येऊन बघितलं नाही, आणि एका प्रामाणिक माणसाला लोकांत मान खाली घालावी लागली. शेवटी माझी सही. साहेबांनी वाचून "मान खाली" हे शब्द काढता येतील का, असं विचारलं. मी नाही म्हणाले. झेरॉक्सच्या दुकानात प्रती काढल्या, एक फलकावर लावली, बाकीच्या दुधाच्या गाड्यांबरोबर सगळ्या केंद्रांना पाठवल्या. वडूजची प्रत मात्र धनत्रयोदशीला मी स्वतः घेऊन गेले.

हवालदारांनी ती उभ्यानंच वाचली. चष्मा वर करून पुन्हा वाचली.

"समदं पटलं," ते म्हणाले. "एक मुद्दा न्हाई."

"कुठला?"

"तू लिवलंयस, सतरा दिस वडूजकडं कुनी बगितलं न्हाई. म्या बगत हुतो की."

त्यांनी कागदाची चौघडी केली आणि छातीच्या खिशात ठेवली.

नंतर मी संगणकाला शिकवलं: आधी प्रत्येक लाइनीला तिचं नाव विचारायचं, मग ती आज कुठल्या नंबरवर आहे ते शोधायचं, आणि मगच तिची खबर घ्यायची. पुढच्या खंडेनवमीला मी रजा घेतली नाही. पूजेला हात लावला नाही, पण वही घेऊन राउटरच्या खोलीत दारापाशी उभी राहिले. हार घालून झाला, दादानं बटण दाबलं, यंत्र जागं झालं. मी एकेका लाइनीला नाव विचारलं. वडूज पाचवरच होतं.

तेवढ्यात वडूजचा फोन आला. "म्याडम, देव उठलं का? मग आमचं नाव बगा बरं."

"बघितलं, काका," मी म्हणाले. "उद्या येतेच आहे. पत्रकं वाटायला माणूस कमी आहे."