टाकीतली शेवटची पिल्सनर

पिल्सनर बिअर चाखण्याआधी तिखट खाऊ नये आणि पेला साबणाने धुऊ नये. साबणाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही. हे मला धाकट्या भावाने शिकवले. मी शाळेत विज्ञान शिकवत असे, पण या विषयात तो माझा शिक्षक होता. जहाजावरची नोकरी सोडून तो जर्मनीत बिअर बनवायला शिकला आणि परतल्यावर गोव्यात चोपड्याला, नदीजवळच्या शेडमध्ये त्याने लहानसा कारखाना काढला. टाकी तयार झाली की नार्व्याला, माझ्या घरी, मला फोन येई. "दादा पीत नाही, चाखतो," असे तो सगळ्यांना सांगे. मी होकार दिला की पहिला पेला शेडमागच्या राखणदाराला, त्या जागेच्या देवाला, जाई आणि मगच बिअर बाहेर पडे.

तो अचानक गेला तेव्हा एक टाकी आंबत होती. बाराव्यानंतर काही दिवसांनी चुलतभावाचा फोन आला. तो कारखान्यातला भागीदार. हॉटेलवाले विचारत होते. भावाच्या नावाने ही शेवटची टाकी द्यायची की नाही, ते मी ठरवावे, असे त्याचे म्हणणे होते.

शेडमध्ये आम्ही तिघे होतो: चुलतभाऊ, भावजय आणि मी. मी पेला खिडकीकडे धरला. रंग वाळलेल्या पेंढ्याचा, नितळ. फेस पांढरा आणि दाट. एवढे पाहूनही मला काही वाटले नाही. त्या दिवसांत मला कशानेच काही वाटत नव्हते. हातून कामे मात्र व्यवस्थित होत होती.

चांगल्या पिल्सनरमध्ये आधी हॉपच्या फुलांचा वास यावा, ताज्या गवतासारखा, किंचित मिरीचा. शेवटी जीभ कडवट आणि कोरडी व्हावी. इथे आधी लोणी आले. मी पाणी प्यायलो, पावाचा तुकडा चावला, पुन्हा चाखले. पुन्हा लोणीच.

आंबताना यीस्ट हा वास निर्माण करते आणि शेवटी तेच तो खाऊन टाकते. त्यासाठी थंड करण्यापूर्वी टाकीला थोडी ऊब द्यावी लागते.

"टाकी थंड कधी केलीस?" मी विचारले.

"तो गेलो त्याच दिसा. सुतकात टाकयेक कोण हात लावतलो? नासात म्हणान थंड करून कुलूप घातलंय."

आमच्या घरात दुसऱ्या कोणीही हेच केले असते. मीही केले असते. बाराव्यानंतर चुलतभावाने तळाशी बसलेले यीस्टही काढून टाकले होते; आता ऊब देऊन उपयोग नव्हता. दोष भावाच्या हातचा नव्हता, आमच्या सुतकाचा होता. पण पेल्यावर नाव त्याचे असणार होते.

"दादा, हॉटेलात बसलेल्यांक लोणी कळतला? ते भजी खातत!"

"नाही कळणार."

"मगे? शाळेत माका पण तुमी असोच नापास केल्लास."

भावजयीने माझ्या हातून पेला घेतला. तिने कधी बिअर तोंडाला लावली नव्हती. तिने नुसता वास घेतला, मग पुन्हा घेतला.

"हो वास ह्यांचो नाय," ती म्हणाली. "ह्यांच्या शर्टांक येयचो तो माका म्हायत आसा." मग पेला खाली ठेवून माझ्याकडे पाहत म्हणाली, "दादा, तुमी सांगा."

"बाहेर द्यायची नाही," मी सांगितले.

चुलतभाऊ थोडा वेळ टाकीला हात लावून उभा राहिला. मग त्याने खालची तोटी सोडली.

"राखणदाराक तरी एक पेलो?"

भावजयीने मान हलवून नको म्हटले. बिअर गटारातून माडांच्या मुळांकडे वाहत गेली. टाकी रिकामी होईपर्यंत आम्ही तिथेच होतो. गटाराच्या कडेला फेस बराच वेळ टिकून राहिला. त्यात दोष काढण्यासारखे काही नव्हते.