लेझरचं टेबल आणि एकवीरा आई

टेबल काढून घेणार म्हणे! विभागप्रमुख लॅबच्या दारात उभे राहून बोलले, "शुक्रवारपर्यंत प्रयोग चालला तर ठीक, नाहीतर टेबल दुसऱ्याला. तुम्ही कॉम्प्युटरवर गणितं करा, मुलींना ते बरं जमतं." माझं डोकंच फिरलं. लेझरचं टेबल गेलं की माझी पीएचडी गेली, हे त्यांनाही ठाऊक होतं.

प्रयोग सांगायला सोपा आहे. काचेच्या नळीत रुबिडियमची वाफ. एक लेझर सोडला की वाफ तो गिळून टाकते. सोबत दुसरा सोडला की तीच वाफ पहिल्याला वाट देते आणि स्क्रीनवर बारीक शिखर उभं राहतं. त्या वाटेत दोन मंद किरण एकमेकांवर काय परिणाम करतात, ते मला मोजायचं होतं. पण दसऱ्यापासून शिखर पार बसकं झालेलं. लेझर तपासले, वायरी बदलल्या, गाईड सरांची बोलणी खाल्ली. छे!

गुरुवारी दुपारी वैतागून नळीभोवतीचा धातूचा डबा पुसायला घेतला. बाहेरचं चुंबकत्व आत शिरू नये म्हणून तो डबा. आणि त्याच्यावर एकवीरा आई! फ्रिजवर लावतात तसली छोटी तसबीर, आईने कार्ल्याहून आणलेली. दसऱ्याला यंत्रांची पूजा केली तेव्हा मीच चिकटवली होती. रोज सकाळी तिला नमस्कार करून काम सुरू करत होते, आणि मागे लोहचुंबक आहे हे डोक्यात आलं नाही. कसली बावळट मी!

घरी जुईनगरला आईला फोन लावला. आमच्या आगरी घरात कुलदेवी हलवायची म्हणजे आई चिडणार, असं वाटलं.

"काड ना मंग! ती का रागावनार हाय? टेबल सोडू नको."

काढली, लांबच्या कपाटावर लावली. डब्यात मुरलेलं चुंबकत्व घालवायला त्याला तारेचे वेढे दिले आणि एसी करंट सोडून हळूहळू शून्यावर आणला. शुक्रवारी शिखर ताठ उभं!

विभागप्रमुखांनी वाकून पाहिलं. "बिघाड कशात होता?"

शेजारी उभ्या गाईड सरांनी मला डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस. का म्हणून?

"डब्यावर चुंबक मीच चिकटवलं होतं सर. चूक माझी. शोधली मी, निस्तरली मी. आता या टेबलाला कोणी हात लावायचा नाही."

विभागप्रमुख निघून गेले. टेबल अजून माझ्याकडेच आहे.