बांगड्यावर हसणाऱ्यांनो

दुपारी आमच्या चारकोपच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर त्या दोन रूममेट्सच्या मालिकेचं कौतुक चाललं होतं. "मालवणी मुलगी बांगडे तळते आणि दुसरी घरभर अगरबत्त्या लावते! हसून हसून वाट लागली!"

मी विचारलं, "यात विनोद कुठे आहे?"

समोरच्या काकूंनी लगेच लिहिलं, "अगं, किती मनाला लावून घेतेस! मजा म्हणून बघ ना."

काकू, गेल्या रविवारी मी बांगडे तळले, तेव्हा वास येतो म्हणून माझ्या घरमालकाला फोन तुम्हीच केलात ना? तेव्हा कुठे गेली होती मजा?

आणि माझी रूममेट! त्याच रविवारी तिने मिटक्या मारत दोन बांगडे खाल्ले. आज काकूंच्या मेसेजवर हसरा इमोजी टाकून मोकळी!

आत्ता परत बांगडे तळतेय, खिडक्या सताड उघड्या ठेवून. तिला एक तुकडा देणार नाही. तुम्ही दिला असतात?