कृष्णाताच्या विमानातली सुपारी

मलकापुरातल्या अंबूबाईचा कृष्णात पलटणीत विमानं जोडतो, एवढंच आमच्या गल्लीला ठाऊक होतं आणि तेवढ्यावरच गल्लीची छाती फुगलेली. जपानची लढाई चालू, आणि आपला पोरगा विमानात हात घालतोय! घोटाळा केला तो सांगलीकडच्या नाथाजीनं. त्याची लेक लीलाबाई कृष्णाताला द्यायची म्हणून सुपारी फुटली होती. जावई रजेवर आलाय कळताच हा गडी आला, घोंगड्यावर मांडी ठोकली आणि खोदून खोदून विचारायला लागला.

"पावणं, इमान चालवतं कोन?"

"कोन न्हाई, मामा. रिकामंच उडतं. खालनं बिनतारी यंत्रावर वळवत्यात."

"आन् रिकामं जाऊन करतं काय?"

"आपलं तोफवालं त्येच्यावर तोफा डागत्यात. नेम शिकाय."

"आपलंच इमान, आपल्याच तोफा?"

"व्हय."

"आन् लागला नेम तर?"

"लय आनंद! मग आमी दुसरं जोडतो."

नाथाजीनं चहाची बशी खाली ठेवली. "पाडायसाठी बांधायचं? आवं, भांडी घासत असशीला तर तसं सांगा. लाजायचं काय त्यात?"

इतके दिवस कृष्णातानं विमानं जोडली, पण मोठ्यानं सांगताना त्याचं त्यालाच ते खोटं वाटायला लागलं.

जाताना नाथाजी अंबूबाईला बजावून गेला, "मार्गशीर्षातली तीथ धरलीया. नवरा मांडवात उभा दिसला तर लगीन. न्हाईतर सुपारी मोडली समजा."

कृष्णात समुद्रकाठच्या छावणीत परतला, आणि तोफवाल्यांचा नेम नेमका तेव्हाच बसायला लागला. विमानामागून विमान पडायचं. एकाची शेपटी दुसऱ्याच्या धडाला लावता लावता फिटर मंडळींना जेवायला फुरसत नव्हती, मग रजा कुठली? नेम चुकावा म्हणावं तर पलटणीशी बेइमानी, लागावा म्हणावं तर लीलाबाई हातची जाते. जोतिबाला हात जोडून तो नुसताच उभा राहायचा. मागायचं काय, हेच ठरेना. देवही बिचारा चक्रावला असेल.

मग त्याला घरची रीत आठवली. पूजेला जोडीतलं एक माणूस नसलं, तर त्याच्या नावानं सुपारी ठेवतात. विमान रिकामं जातं म्हणूनच तर पडत नसेल ना? विमानात खुर्ची होती, फक्त बसणारा नव्हता. कृष्णातानं सुपारीला हळदकुंकू लावलं, तिला खुर्चीवर बसवलं आणि वरून पट्टाही आवळला. तेवढ्यात साहेब तपासणीला आला.

"ये क्या है?"

"पायलट, साब!" कृष्णात ताठ उभा राहून म्हणाला.

साहेबानं सुपारीकडं बघितलं, कृष्णाताकडं बघितलं आणि डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरनं पापण्या ओढून पाहिल्या. काम डोक्यात गेलंय, असं दोघांचं ठरलं आणि कृष्णाताला विश्रांतीसाठी घरी धाडलं. वेडा ठरलो म्हणून रडावं की रजा मिळाली म्हणून नाचावं, हे त्याला पुणं आलं तरी उमगलं नाही.

त्यात गाडी रखडली. कराड टेशनावरनं तो धापा टाकत घरी आला, तर मांडवाचे खांब उपटणं चाललेलं.

"ये रं," अंबूबाई म्हणाली. "लगीन झालं."

"कुनाचं?"

"तुजं!"

झालं होतं असं. मुहूर्ताला नवरा नाही बघून नाथाजी लेकीला घेऊन निघाला होता. अंबूबाईनं दसऱ्याला पुजायची तलवार काढली, तिला मुंडावळ्या बांधल्या आणि पाटावर उभी धरली. नवरा लढाईवर असला की अशी लग्नं पूर्वी लागायची.

"नवऱ्याबिगर लगीन कसं लागंल?" नाथाजी कडाडला.

"माणसाबिगर इमान उडतं, तर लगीन का लागू नये? का जावयाची नोकरी खोटी म्हणताय? म्हणा की इवाई, ह्या मांडवात म्हणा!"

मांडवातली निम्मी माणसं पलटणीतून पेन्शनीत आलेली होती. त्यांच्या मिशांकडं एकवार बघून नाथाजीनं मुकाट्यानं अक्षता उचलल्या.

कृष्णात आत गेला. पाटावर मुंडावळ्या बांधलेली तलवार, शेजारी लीलाबाई. तो अवघडत तिच्या बाजूला टेकायला गेला.

"आवं, तितं नगं," ती पदराआड हसली. "ती जागा धन्यांची हाय."

कृष्णात मधेच थबकला. ना बसलेला, ना उभा. तसंच त्यानं हळूच विचारलं, "मुंडावळ्या सोडून मी बांधू का?"

लीलाबाईनं तलवारीकडं बोट केलं. "त्यास्नी इचारा की."