मामांचा डावा हात

मामांचं दुखणं मी काही हौसेनं अंगावर घेतलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मामा म्हणजे माझे सासरे. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, आमचे हे दिवसभर ताडकळसच्या आमच्या किराणा दुकानात, मग घरात उरतं कोण? गेली दोन वर्षं माझा दिवस मामांच्या सिरपनं सुरू होतो आणि त्यांच्या गोळीनं संपतो. मधल्या वेळात धुणं.

मामांचं लिव्हर खराब झालंय. कुठल्याशा जुन्या काविळीनं आतून पोखरलं, असं परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला, गळ्यात इष्टलिंग बांधलेला हा लिंगायत माणूस, तरी गल्लीतल्या बायका हळूच विचारायच्या, "पीत होते का वो?" सुरुवातीला मी समजावून सांगत बसायचे. नंतर नुसतं बघायचे त्यांच्याकडे. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

लिव्हर म्हटल्यावर आम्ही पोटाची काळजी करत होतो. बिघडलं डोकं. एका दुपारी मामा शेजाऱ्यांच्या घरात जाऊन बसले आणि तिथल्या बाईला म्हणाले, "चहा टाक, बाई." मला म्हणतात अगदी तसं. घरी आणलं तर सदऱ्याचं बटण लावता येईना. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलायला लावले, एसटीला हात दाखवून थांबवतो तसे. मनगटं एकदम खाली पडायची, वर यायची, पुन्हा पडायची. मामा आपल्याच हातांकडे परक्यासारखे बघत होते.

आतड्यातले जंतू जे विष तयार करतात ते लिव्हर साफ करतं, आता ते त्याला जमत नाही, म्हणून विष डोक्यापर्यंत पोचतं, असं डॉक्टरांनी समजावलं. त्यावर उपाय दोन. पोट रोज दोन-तीनदा साफ व्हावं म्हणून गोड सिरप, आणि सकाळ-संध्याकाळ रिफॅक्सिमिनची गोळी. ही अँटिबायोटिकच, पण रक्तात फारशी उतरत नाही, आतड्यातच राहून काम करते. "मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही," ते म्हणाले. "ताप आला, शौचातून रक्त गेलं किंवा जुलाब थांबेनात, तर लगेच फोन करा." मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

डॉक्टरांना रोजचा हिशोब हवा होता, किती वेळा झालं त्याचा. आता सुनेनं सासऱ्याला हे विचारायचं कसं? ज्या माणसासमोर मी वीस वर्षं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्यांना रोज सकाळी विचारायचं, "मामा, झालं का?" ते भिंतीकडे बघून म्हणायचे, "झालं की." किती वेळा, ते काही सांगायचे नाहीत. शेवटी त्यांनीच तोड काढली. खिडकीत एक वाटी आणि शेजारी चिंचोक्यांचा डबा ठेवला. जाऊन आले की एक चिंचोका वाटीत टाकायचे. रात्री मी ते मोजायचे आणि दोघांचीही लाज राहायची.

पण माझा खरा भरवसा वाटीवर नव्हता, मामांच्या डाव्या हातावर होता. आंघोळ झाली, कपाळाला विभूती लावली की ते डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतात, हात डोळ्यांसमोर धरतात आणि त्याच्याकडे एकटक बघत बसतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे चाललेलं आहे. पूर्वी मी त्या वेळात भाकरी थापायचे. दुखण्यानंतर दाराशी उभी राहून हात बघू लागले. हात स्थिर असला की दिवस चांगला जाणार. गोळी सुरू झाल्यावर महिन्याभरात तो हात असा स्थिर झाला की डॉक्टरांकडे न जाताच मला कळलं, मामा परत आलेत.

डोकं परत आलं तशा तक्रारीही परत आल्या. "पोट फुगायलंय." "मळमळायलंय." "उठलं की गरगरायलंय." पाय सुजले, चपलेचा पट्टा बसेना. त्यातच पालमहून नणंद वडलांना भेटायला आली. औषधांचा डबा उघडून ओरडली, "अगं, हीच गोळी मला दिली व्हती! लग्नाहून आल्यावर जुलाब लागले तवा. तीन दिवसांत कोर्स खलास. आन् तुमी दादांना चार महिने चारायलाव?"

खरं सांगायचं तर मलाही तेच खटकत होतं. आपल्याकडे अँटिबायोटिक म्हणजे पाच दिवस. सहाव्या दिवशी घेतली की आतडी जळतात, हे शाळेत न गेलेल्या बाईलाही ठाऊक असतं. नणंद गेल्यावर मामा मला म्हणाले, "बाई, बस झालं आता. सिरप घेतो, पन ही गोळी नको. लय तरास व्हायलाय." त्यांनी विनवणी केल्यासारखं म्हटलं, आणि मला बरंच वाटलं. डॉक्टरांना एक फोन करायचा होता. केला नाही. ते नको म्हणतील हे मला माहीत होतं, आणि मी थकले होते. एक गोष्ट कमी होणार होती दिवसातली. बस्स, इतकंच.

आठवडाभर हात स्थिर राहिला. मी मनात नणंदेचे आभारही मानले. मग एका रात्री वाटीत सतरा चिंचोके निघाले; मामा तर दिवसभरात दोनदाच उठले होते. मी हसले. म्हटलं, म्हातारपणी खेळ सुचायला लागलेत यांना. स्वतःचं ते हसणं मला अजून ऐकू येतं.

दुसऱ्या सकाळी दाराशी उभी होते. मामांचा हात डोळ्यांसमोर होता. मनगट खाली पडलं, वर आलं. मी "मामा!" म्हणून धावले, तोवर पुन्हा पडलं आणि लिंग फरशीवर टणकन आपटून पाटाखाली गेलं. मामांना त्याचा पत्ताच नव्हता. ते रिकाम्या तळहाताकडे तसेच बघत बसले होते.

लिंग हातातून पडलं तर माणसानं जगू नये, असं आमच्यात जुनी माणसं म्हणायची. मामा त्यातलेच. आमच्यात दुसऱ्याच्या लिंगाला हातही लावत नाहीत. मी लावला. पाटाखालून काढलं, धुतलं, त्यांच्या गळ्यातल्या दोऱ्यात बांधलं, आणि मग ह्यांना दुकानातून बोलावून घेतलं.

परभणीला पाच दिवस काढले. गोळी बंद केल्याचं मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "फोन का नाही केला?" सुजेसाठी वेगळं औषध दिलं, गोळी पुन्हा सुरू केली. नणंदेची तीन दिवसांची गोळी जुलाबासाठी होती, मामांची डोकं ठिकाणावर ठेवण्यासाठी आहे, एवढा साधा फरक मी विचारलाच नव्हता.

घरी आल्यावर मामांनी पहिल्यांदा छातीवर हात ठेवून दोरा चाचपला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, त्या दिवशी लिंग खाली पडलं का गं?"

मी म्हटलं, "न्हाई मामा. मी खाली हात धरला व्हता."

त्यांनी दोरा पुन्हा सदऱ्याच्या आत सारला. मग म्हणाले, "तू व्हतीस म्हणून." आणि गोळीसाठी हात पुढे केला.

पोट अजून फुगतं, मळमळही अधूनमधून होते, आणि दोन्ही वेळा गोळी मीच देते. मामांना कुणीतरी एक दिवस खरं सांगेल ही भीती नाही, कारण ते फक्त मलाच माहीत आहे. पण तेव्हापासून रोज सकाळी पूजेच्या वेळी मी तव्याखालचा गॅस बंद करते, मामांच्या समोर बसते आणि त्यांच्या हाताखाली माझा हात धरते. दहा मिनिटांत खांदा भरून येतो. त्या दिवशी धरला होता असं सांगितलंय, म्हणून धरते.