याडीचा अंगठा

शाई निंगतच नव्हती. ग्रामपंचायतीच्या मांगं टाकीपाशी मी अंगठा दगडावर घासून राह्यली होती, कडेवर पोरगी रडून राह्यली, अन् आतून ग्रामसेवक वरडले, "ताई! हे काय करून ठेवलं वहीचं?" मंग माह्या घरच्यायचा, म्हंजे नवऱ्याचा, आवाज आला. मी अंगठा पदरात लपवला. त्या वक्ती मले एकच बाई आठवली. याडी.

याडी म्हंजे तांड्यातल्या लोकायच्या बोलीत माय. आमचं गाव अन् बाजूचा तांडा, दोघायची ग्रामपंचायत एकच, अन् याडी तांड्यातली. बाईची सीट निंगाली तवा पयली बाई सरपंच थेच झाली. गावातल्या मोठ्या मानसायनंच बसवली, म्हने हिले वाचता येत नाही, अंगठा देईन अन् चूपचाप घरी जाईन. तवा आफिस म्हंजे कौलाची एक खोली, सभा हाये हे कोतवाल वरडून सांगे. आता फरशीची बिल्डिंग हाये, कम्प्युटर हाये, सभेची खबर मोबाइलच्या ग्रुपवर येते. ठरावाची वही मात्र अजून हातानंच लिवते.

पयल्याच वर्षी ठराव अन् तिचा अंगठा याच्या मधात जागा राह्यली, तिथं कोनंतरी लिवून घेतलं, अन् तांड्याची हापशी गावातल्या एकाच्या गोठ्यापुढं बसली. तवापासून याडीनं रीत धरली. ठराव कोनाकडून वाचून घे, अन् खाली जेवढं पान कोरं राह्यलं तेवढ्यावर अंगठे मारे. पान भरेपर्यंत. मोठे साहेब तपासाले आले तं हासले, "बाई, पानावर मुंगळे सोडले का?" याडी म्हने, "मले लिवता नाही येत साहेब, पन तुमचं लिवनं थांबवता येते."

अन् तिचं नेहमीचं एक होतं. "मोकळं वावर दिसलं का दुसऱ्याचं ढोर शिरतेच, छोरी. ढोरावर कायले रागावतं? कुंपन घाल."

मी लगन होऊन आली तवा थे म्हातारी झालती. शेळ्या घेऊन ई-क्लासवर जाये. ई-क्लास म्हंजे तांड्याले लागून सरकारी चराईची जागा, पुरा तांडा तिथंच शेळ्या चारते. जाता जाता माह्या दारात टेके, चहा मांगे, "साखर टाक वं, कोनाच्या लग्नासाठी ठेवली?"

मंग माही सीट निंगाली, मी सरपंच झाली, तं याडी काठी टेकत आफिसात आली. खुर्चीत माह्या घरचे, मी स्टुलावर. याडी त्यायले म्हने, "काहून रे बापू, सीट तं बाईची निंगाली म्हनते. तुयं लुगडं कुठी हाये?" सारे हासले. हे काही उठले नाही.

मले इचारलं, "सही येते तुले?"

"येते. सातवी शिकली ना."

"मंग तुले जास्त धोका. अंगठेवालीले वाचून दाखवा लागते. सहीवालीले कोनी वाचून दाखवत नाही."

खरंच होतं. मी बोट ठेवून, एक एक अक्षर जोडून वाचतो, अन् चार लोकायपुढं त्याची लाज वाटे. म्हनून झटकन सही करून मोकळी होये.

उन्हाळ्यात याडी गेली. तिच्या मयतीत मी तिचा अंगठाच पाहत राह्यली.

त्याच्या पुढच्याच महिन्यात सभेत वही माह्यापुढं केली. सहीच्या वर अर्धं पान कोरं. मले दिसलं, दिसलं नाही असं नाही. याडी बी आठवली. पन हे म्हनले, "कर ना पटकन, लोकं खोळंबले." केली.

मंग ग्रामसभेत ग्रामसेवकानं त्या कोऱ्या जागेत लिवलेलं वाचलं. ई-क्लासवर गिट्टीची खदान, ग्रामपंचायतीची हरकत नाही. तांड्यातल्या बाया माह्याकडं पाहाले लागल्या. मी म्हनलं, हे मी नाही केलं. ग्रामसेवक म्हनले, "सही तुमचीच हाये ना ताई?" खदानवाल्याची मानसं दारात उभी होती, थे हासले. घरचे खाली पाहून राह्यले. त्यायचं अन् खदानवाल्याचं बोलनं आधीच झालतं, हे मले तवा समजलं.

चहाले सारे भाईर गेले. टेबलावर वही उघडी, बाजूले शाईची पेटी. माहा अंगठा कवा बुडाला मले नाही मालूम. त्या लिवलेल्यावर एक, दोन, धाडधाड मारत गेली, अक्षरं दिसेनाशी झाली.

आता सोमवारी यवतमाळले चौकशी हाये. सरपंचपद जाईन, पोलीस केस बी होईन म्हनते. घरचे बोलत नाही. रस्त्यावर गाडी थांबली का मी दाराची कडी लावतो, पोरीले मांगं घेतो. याडीनं कोऱ्या जागेवर अंगठे मारले होते, मी लिवलेल्यावर मारले. तिची थे अक्कल होती, माहा गुन्हा हाये. एवढं मले समजते. पन तांड्याच्या शेळ्या आज बी तिथंच चरून राह्यल्या.

सोमवारी साहेब इचारन, काहून केलं? सही तं माहीच होती. तुमीच सांगा, वही उघडी होती, भाईर लोकायचा चहा संपतच आलता. तुमी काय केलं असतं?