ओला पदर

"आजी, ह्या पिक्चरला एकच स्टार आहे. नुसती रडारड आहे म्हणे," नात फोनवर वाचत म्हणाली आणि हसली. ठरलेलं लग्न मोडल्यापासून पोरगी घरात जरा जास्तच हसते. त्या 'रडारड'नं मला थेट उस्मानपुऱ्यातल्या माझ्या सासरी नेलं.

तिकडं माहेरी, पिशोरला, माझी आई नुकतीच वारली होती. भरल्या घरात नव्या सुनेला रडायला कोपरा नव्हता. डोळे पुसायचे तेही चुलीच्या धुराचं नाव करून. एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "चल, टॉकीजला जाऊ."

आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "माय, भिकार पिक्चर हाय. नुसतं रडगाणं, असं लिहिलंय."

"व्हय? मग तर जायाचंच."

टॉकीजवर बायकांच्या दाराशी सासूबाई थांबल्या. आधीचा खेळ नुकताच सुटला होता. बाहेर येणाऱ्या बायकांचे पदर त्या निरखू लागल्या. तेव्हा बायका पिक्चर असाच पारखायच्या. पदर कोरडे दिसले की माघारी फिरायच्या.

"ओले हायेत," त्या समाधानानं म्हणाल्या.

पिक्चर कसा होता, ते मला आजही सांगता येणार नाही. अंधार झाला आणि मला हुंदका आवरेना. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. फोडणीचा वास असलेला आपला पदर तेवढा माझ्या हातात दिला. "रड माय. हितं समद्याच रडत्यात."

नात दुसरा पिक्चर शोधत होती.

"थांब," मी म्हणाले, "त्याचीच दोन तिकिटं काढ."

आणि नेसायला मऊ सुती साडी काढली.